वरून रेशीम, आतून घोंगडी

पत्र: काकू, आमच्याकडे शिह त्झू जातीचा अकरा महिन्यांचा कुत्रा आहे. नाव ब्रूनो, पण सासूबाई त्याला झिपऱ्याच म्हणतात. मी रोज न चुकता त्याला ब्रश करते. तरी गेल्या महिन्यात ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडे, नेलं तर तो म्हणाला, आत सगळ्या जटा झाल्यात, मुळापासून काढावं लागेल. मला राग आला, तशीच परत आले. आता कानामागे हात लावला तरी हा गुरगुरतो, परवा बोटाला दातही लावले. सासूबाई म्हणतात, उन्हाळा आलाय, चकोट करून टाका. हे म्हणतात, केसांनीच ऊन लागत नाही, हात लावू नका. घरी करण्यासारखं काही आहे का? की मीच आळशी आहे?
एक वाचक, जुळे सोलापूर

झिपऱ्याच्या आई,

रोज ब्रश करणारी बाई आळशी कशी असेल? तुमचा ब्रश फक्त वरच्या केसांवरून फिरतोय. असे ब्रश असतात, वरून नुसते घसरतात. केस चमकतात, आपल्याला बरं वाटतं, आणि खाली कातडीला लागून जे चाललंय त्याला कोणी हातच लावलेला नसतो. आत्ता एक करून बघा. त्याच्या कानामागचे केस दोन बोटांनी बाजूला करा आणि पांढरी कातडी दिसते का बघा. दिसली तर उत्तम. बोटं मध्येच अडकली तर तुमचा ब्रश रोज तिथपर्यंतच जात होता.

त्यात त्याचं वयही आडवं आलंय. दहा-बारा महिन्यांच्या सुमाराला या कुत्र्यांचे पिल्लूपणाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात. जुना केस सुटतो, पण खाली पडत नाही. लांब केसांत अडकून तिथेच गुरफटत बसतो. म्हणून सहा महिन्यांचा असताना जो ब्रश पुरला, तोच आता पुरेनासा झाला. हा काळ सरतो, पण सरेपर्यंत रोज बसावं लागतं.

ग्रूमरवरचा राग मात्र सोडा. तो कदाचित खरंच बोलला असेल. जटेचे दोन प्रकार असतात. एक सुटी गाठ: सुपारीएवढी, बोटांत धरून हलवली तर हलते, तिच्या आणि कातडीच्या मधून कंगवा सरकतो. ही घरी सुटते. दुसरी सलग पापुद्रा धरलेली, घोंगडीचा तुकडा चिकटवल्यासारखी. तिच्याखाली कंगवा शिरतच नाही. ही कोणाच्याच हाताने सुटत नाही, आणि सोडवायचा हट्ट करणं म्हणजे त्या जिवाला तासभर केस ओढत बसवणं. शिवाय तिच्याखाली कातडीला हवा लागत नाही, ओल राहते, लाल होते, कधी चिघळते. पोटाला, मांड्यांना अशी घोंगडी असेल तर ट्रिमरने काढून घ्या आणि मोकळ्या व्हा. केसच आहेत, येतील परत.

आता सुट्या गाठींचं सांगते. माझं लहानपण सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत गेलं. दारोदारी माग, आणि शेजारच्या पद्मशाली काकू दुपारभर कांड्या भरत बसायच्या. सुताचा गुंता झाला की आम्ही पोरं मधूनच खेचायचो आणि तो आणखी आवळायचा. काकू आमच्या हातून गुंता काढून घ्यायच्या, तो सैल धरून फुलवायच्या, आणि टोकाकडून एकेक धागा मोकळा करायच्या. मधल्या गाठीला शेवटपर्यंत हात नाही. कुत्र्याच्या जटेचं अगदी हेच आहे. आधी चिमूटभर कॉर्नफ्लॉवर गाठीवर भुरभुरवा आणि बोटांनी चोळा, केस जरा सुटे व्हायला लागतात. मग डाव्या हाताच्या बोटांनी गाठीचं मूळ कातडीजवळ घट्ट धरा, म्हणजे ओढ बसेल ती तुमच्या बोटांना, त्याला नाही. उजव्या हातात धातूचा कंगवा, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दाते असलेला. फक्त टोकाचे अर्धा इंच केस विंचरा. ते सुटले की जरा वर. पुन्हा जरा वर. गाठ मध्ये उभी चिरून दोन केल्या तरी चालतात, लहान गाठ लवकर सुटते.

उवांच्या फणीने हे होत नाही, ती फार दाट असते. आणि खोबरेल तेल थापू नका. आपल्या डोक्याला जे चालतं ते इथे धूळ धरतं, आणि सोलापूरच्या धुळीबद्दल मी तुम्हाला काय सांगायचं.

कात्रीचं एक ऐकून ठेवा. माझी ल्हासा ॲप्सो जातीची कुत्री होती, गुंडी. तिच्या काखेत एक जट झाली होती. मी घाईत होते, पाहुणे यायचे होते. जट हातात धरली, वर ओढली, कात्रीने कच्‌कन कापली. गुंडी किंचाळली. जटेबरोबर कातडीही तंबूसारखी वर आली होती आणि केसांत मला ती दिसलीच नाही. तीन टाके पडले. पाहुण्यांना चहासुद्धा शेजारणीने दिला. तेव्हापासून माझा नियम: कात्री लावायचीच असेल तर आधी कंगवा जट आणि कातडीच्या मधे सरकवायचा, आणि कंगव्याच्या वरच्या बाजूनेच कापायचं. कंगवा सरकत नसेल तर कात्री खाली ठेवायची. काख, जांघ आणि कानाची कड इथली कातडी फार पातळ असते.

जटा कुठे होतात हे ठरलेलंच आहे: कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी, बोटांच्या बेचक्यात आणि हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा पट्टा, जिथे घासतो तिथे. घरात असताना हार्नेस काढूनच ठेवा. रोजच्या विंचरण्यात आधी ही ठिकाणं, पाठ नंतर. पाठ छान दिसते म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि काखेपर्यंत पोचेतो कुत्र्याचा धीर संपतो. पाठीला बसाल तेव्हा केसांचा भांग पाडत चला: डाव्या हाताने वरचे केस वर धरायचे, खालची एक ओळ कातडीपासून विंचरायची, मग त्यावरची ओळ खाली सोडायची. शेवटी विरळ दात्यांचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच काम झालं म्हणायचं.

त्याचं गुरगुरणं आणि दात लावणं हा चावरेपणा नाही, त्याला तिथे दुखतंय. त्याला मारू नका, आणि घट्ट दाबून धरून काम उरकूनही टाकू नका, नाहीतर पुढच्या वेळी कंगवा दिसला की तो पलंगाखाली. दोन-चार दिवस नुसता कंगवा दाखवा आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या. मग एकदा फिरवा, तुकडा. पाच मिनिटं झाली की थांबा, मध्येच थांबलं तरी चालेल. एका बैठकीत एक कान. सासूबाईंनाही कामाला लावा: त्यांच्या मांडीवर तोंड, तुमच्या हातात कंगवा. झिपऱ्या म्हणणारी माणसंच बहुधा जास्त लाड करतात. फक्त बक्षीस म्हणून शेंगाचटणी लावलेली भाकरी नको. आपल्या चटणीत लसूण असतो, आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. द्राक्षं आणि बेदाणेही नकोत.

गाठी अंघोळीआधी विंचरून सोडवायच्या, नंतर नाही. हे उलटं केलं की संपलं. गाठ ओली झाली की आवळते आणि वाळताना दगड होते. तीन आठवड्यांतून एकदा अंघोळ पुरे. वास येतो म्हणून आठवड्याला शाम्पू नको. वास बहुधा कानातून, तोंडातून किंवा जटेखालच्या ओलीतून येत असतो, तो शाम्पूने जात नाही. शाम्पू कुत्र्याचाच घ्या. आपली कातडी आम्लधर्मी आहे, त्याची त्या मानाने कमी, म्हणून आपला शाम्पू, बाळाचा असला तरी, त्याला कोरडेपणा आणि खाज देतो. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर झोंबतं, आणि या कुत्र्यांचे डोळे आधीच बाहेर आलेले. अंघोळीच्या बादलीत जंतुनाशकाचं टोपण ओतायची आपल्याकडे सवय आहे, तीही नको.

पाण्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. नळाला काही दिवसांआड पाणी, बाकी दिवस बोअर. बोअरच्या जड पाण्यात फेस होत नाही म्हणून आपण आणखी शाम्पू ओततो, आणि तो निघत नाही म्हणून कुत्रं आठवडाभर खाजवत बसतं. मी असं करते: अर्ध्या मगात शाम्पू आधी पातळ करून घ्यायचा. कोमट पाण्याने केस कातडीपर्यंत भिजवायचे, याला वेळ लागतो, लांब केस वरून ओले दिसतात आणि आत कोरडे असतात. शाम्पू केसांच्या दिशेने बोटांनी उतरवायचा, डोकं धुतल्यासारखा गोल गोल चोळायचा नाही, त्यानेच नव्या गाठी पडतात. पहिली धुणी बोअरच्या पाण्याने केली तरी चालेल, पण शेवटची बादली नळाच्या साठवलेल्या पाण्याची ठेवा. त्याच्यासाठी कंडिशनर मिळतो तो घ्या, थोडासाच. कंगवा निम्म्या कष्टात चालतो. कानात पाणी जाऊ नये म्हणून कापसाचा मोठा बोळा ठेवा, आणि नंतर तो काढायला विसरू नका. हसू नका, मी विसरलेली आहे.

मग टॉवेल. आपल्या गावात टॉवेलची काय कमतरता! चादरीसारखंच टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला घ्या आणि दाबून पाणी टिपा. खसाखसा पुसायचं नाही. एक भिजला की दुसरा. ड्रायर असेल तर सगळ्यात कमी गरमीवर, आणि आपला दुसरा हात सतत हवेच्या झोतात ठेवून, म्हणजे चटका आधी आपल्याला कळतो. कातडीपर्यंत कोरडं होईतो कंगवा चालू ठेवा. मे महिन्यात आपोआप वाळतं हे खरं, पण ओल्या केसांनी तो गॅलरीत लोळला की सगळी मेहनत मातीत.

आता तुमच्या घरातलं भांडण. सासूबाई आणि तुमचे हे, दोघांचंही अर्धं बरोबर आहे. चकोट करू नका. कातडी उघडी पडली की ऊन थेट लागतं, भाजते. पण लांब केस ठेवून त्याला गारवा मिळतो असंही समजू नका, जटा झालेल्या केसांतून तर वाराही जात नाही. शिह त्झूचे केस आपल्यासारखे वाढत राहतात, कापले की पुन्हा येतात. म्हणून मार्च लागला की पाऊण-एक इंच ठेवून सगळीकडून एकसारखे कमी करून घ्यायचे. शेजारी कोणाचा पोमेरेनियन असेल तर त्यांना मात्र हे सांगू नका. त्याला आत दाट लव असते, आणि मुळापासून काढली तर कधी कधी ती नीट येतच नाही, ठिगळं राहतात.

माझं स्पष्ट मत विचाराल तर जमिनीला टेकणारे केस हे प्रदर्शनातल्या कुत्र्यांचं काम. घरात शहाबादी फरशीवर लोळणाऱ्या कुत्र्याला ते नकोत. पहिली कापणी त्याच ग्रूमरकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे करून घ्या आणि शेजारी उभ्या राहून बघा, नंतरची तुम्हाला जमेल. नवऱ्याचा दाढीचा ट्रिमर लावू नका. तो दाट केसांत अडकतो, ओढतो, आणि घरात दुसरं भांडण. कुत्र्यांचा ट्रिमर घेतलात तर दर पाच मिनिटांनी त्याचं पातं मनगटाला लावून बघा. चालून चालून ते तापतं आणि पोटाला चटका बसतो.

केस कापले म्हणजे उन्हाची काळजी मिटली असं मात्र नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्याची खरी अडचण नाकात आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो, आणि आखूड नाकातून ते नीट होत नाही. बेचाळीस-त्रेचाळीस अंशाच्या दिवसांत त्याला सकाळी सातच्या आत आणि रात्री जेवणानंतरच बाहेर काढा. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. आपल्याला ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. उन्हात तो जोरजोरात धापतोय, लाळ घट्ट चिकट झालीय, जीभ गडद लाल किंवा निळसर दिसतेय, पाय लटपटतायत, असं दिसलं तर कुठे नेऊ, कसं नेऊ हा विचार करत बसू नका. लगेच साध्या पाण्याने पोट, जांघा, पंजे भिजवा, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात घेऊन निघा.

बाकीचं थोडक्यात. डोळ्यांखालचे तांबूस डाग अश्रूंमधल्या एका रंगद्रव्याने पडतात. रोज ओल्या सुती कापडाने पुसा आणि कोरडं करा. बाजारातली डाग घालवायची पावडर डोळ्याजवळ नको. डोळा मिचकावतोय, पंजाने चोळतोय असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, बुबुळाची जखम रात्रीत वाढते. डोक्यावरचे केस डोळ्यांत जातात म्हणून शेंडी बांधत असाल तर कापडी रबर वापरा आणि रोज सोडा. साधं पैशाचं रबर केसांत विसरलं तर कातडीत रुततं.

कानात इअरबड घालू नका. दिसतं तेवढंच कापसाने पुसा. आंबूस वास, काळपट मळ किंवा सारखं डोकं झटकणं म्हणजे आत काहीतरी झालंय. नखं तीन-चार आठवड्यांनी. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबा. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून तांदळाच्या कणीएवढं एकेकदा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा, घरात तो आता आहेच. पायाच्या आतल्या बाजूला वर एक अंगठ्याचं नख असतं, ते जमिनीला लागत नाही, झिजत नाही, वळून मांसात शिरतं. ते हमखास राहून जातं.

पाऊस सरला की मोकळ्या प्लॉटांतलं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. जुळे सोलापुरात असे प्लॉट कितीतरी आहेत. कुसळाला एकाच दिशेचे काटे असतात, ते पुढे सरकतं, मागे येत नाही. आज केसांत अडकलेलं कुसळ परवा बोटांच्या बेचक्यात घुसतं आणि आठवड्याने तिथे गळू येतं. फिरून आल्यावर चारी पंजे उघडून बघायचे. सराटेही तिथेच सापडतात, ते निदान लगेच लंगडतो म्हणून कळतात. पंज्याच्या गादीतले केस गादीच्या पातळीला कापून ठेवले की निम्मा त्रास कमी होतो आणि फरशीवर पायही घसरत नाहीत.

गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ ओढा. रॉकेल, कापूर, फरशीचं फिनेल यांपैकी काहीही लावू नका, तो ते चाटतो आणि पोटात विष जातं. एक गोचीड दिसली म्हणजे घरात भिंतीच्या फटींत, पडद्यामागे आणखी आहेत असं समजा, आणि डॉक्टरांना विचारून महिन्याचं औषध लावा किंवा गोळी द्या. तो मलूल झाला, जेवेना, ताप वाटला, नाकातून रक्त आलं तर रक्ततपासणी करून घ्या. गोचिडतापात ते दिवस महत्त्वाचे असतात.

आणायचं सामान सांगते, म्हणजे दुकानात उगाच खर्च नको: धातूचा कंगवा, बारीक वाकड्या तारांचा ब्रश, बोथट टोकाची छोटी कात्री, कुत्र्याचं नेलकटर, शाम्पू आणि कंडिशनर. परफ्यूम, पावडर, कपडे यांतलं काही लागत नाही.

आज रात्री मालिका सुरू झाली की त्याला सासूबाईंच्या मांडीवर घ्या आणि फक्त उजव्या कानामागे बघा. घोंगडी असेल तर उद्या ग्रूमरला फोन करा, सुटी गाठ असेल तर कॉर्नफ्लॉवर आणा. आणि पुढच्या पत्राबरोबर फोटो पाठवाल तेव्हा केस बाजूला करून कानामागचा पाठवा. समोरून तो छान दिसतो हे मी धरूनच चालते.